बिस्कीट जोडून दे!

संध्याकाळचे सहा. तीन वर्षांची मुलगी खाली खेळून वर आली आहे. आई दूध-बिस्कीट पुढे ठेवते. बिस्कीट पेल्यात मावावं म्हणून त्याचे दोन तुकडे करते, आणि मुलगी घर डोक्यावर घेते. "तोडलंस का? जोडून दे!" आई डब्यातून दुसरं, अख्खं बिस्कीट काढून देते. ते नको. हेच हवं, आणि हे जोडून हवं. पेला कलंडतो, मुलगी फरशीवर लोळण घेते, टाचा आपटते, शेजारच्या काकू दारात येतात. आतून आजी म्हणते, "अगं, उचल की पोरीला." बाबा म्हणतात, "लाडावून ठेवलीय सगळ्यांनी." दहा मिनिटांनी तीच मुलगी आईच्या मांडीवर बसून तेच तुटकं बिस्कीट दुधात बुडवून खात असते आणि घरातली तीन मोठी माणसं एकमेकांशी बोलत नसतात.

हे कोडं फार जुनं आहे. अकबर-बिरबलाच्या गोष्टींत बिरबल एकदा दरबारात उशिरा येतो. मूल हट्टाला पेटलं होतं, असं कारण सांगतो. लहान मुलाची समजूत काढायला एवढा वेळ कशाला, असं बादशहाला वाटतं. मग बिरबल स्वतःच मूल होतो आणि ऊस मागतो. ऊस येतो. त्याचे तुकडे करून मागतो. तुकडेही होतात. आणि मग भोकाड पसरतो: आता हे तुकडे जोडून पहिल्यासारखा ऊस करून द्या! बादशहा हात टेकतो. ज्या कुणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, त्याच्या घरात नक्की तीन वर्षांचं मूल असणार. ऊस असो की बिस्कीट, मागणी तीच आहे: जे होऊन गेलं, ते झालंच नाही असं करून दे.

आपण या सगळ्याला 'हट्ट' म्हणतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. दुकानात चॉकलेट दिसलं, आई 'नाही' म्हणाली, मूल रडायला लागलं, पण रडता रडता एका डोळ्याने आईकडे बघतंय, हा हट्ट. त्यात मुलाला काहीतरी मिळवायचं आहे आणि त्याचं भान शाबूत आहे. बिस्किटाच्या प्रसंगात मात्र मुलीला जे हवं ते कुणीच देऊ शकत नाही, आणि दिलेलं काही तिला दिसतही नाही. तिचा तोल गेलेला आहे. याला मी या लेखापुरतं 'आकांत' म्हणणार आहे. हट्टाचा आकांत होऊ शकतो, आणि अनेकदा होतोच. पण दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. घरातली बहुतेक भांडणं एकावरचा इलाज दुसऱ्यावर केल्याने होतात.

दूध उतू जातं तेव्हा

गॅसवर दूध ठेवलंय. खाली आच आहे, वर साय फुगायला लागली आहे. उतू जायच्या आत कुणीतरी गॅस बारीक करायला हवा. मोठ्या माणसाच्या मेंदूत ही दोन्ही कामं करणारे भाग तयार असतात. मेंदूच्या आत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका, अन्याय, अपेक्षाभंग जाणवला की तो आच वाढवतो. छाती धडधडते, स्नायू ताठरतात, अ‍ॅड्रेनलिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. संप्रेरक म्हणजे शरीरातल्या ग्रंथींनी रक्तातून पाठवलेला निरोप. आणि कपाळामागचा मेंदूचा भाग गॅसच्या बटणापाशी उभा असतो. 'थांब, एवढं काही झालेलं नाही, दुसरं बिस्कीट आहे,' हे सांगणं त्याचं काम.

जन्मलेल्या बाळालाही आच वाढवता येते. भूक लागली की ते कसं रडतं ते आठवा. कपाळामागचा भाग मात्र सगळ्यात सावकाश पिकतो. तीन ते पाच या वयात तो झपाट्याने वाढत असतो, पण पूर्ण पक्का व्हायला विशी उलटून जाते. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाकडे मोठी शेगडी आहे आणि बटण अजून नीट बसलेलं नाही. तोवर ते बटण फिरवणारा हात आपला असतो.

उतू जाणाऱ्या दुधाला आपण रागावत नाही. आधी गॅस बंद करतो, मग ओटा पुसतो. आकांताच्या वेळी मात्र आपण नेमकं उलटं करतो. दूध उतू जात असतानाच विचारत बसतो, 'का बरं उतू गेलं? मी काय सांगितलं होतं?'

भाषेची अडचण वेगळीच. या वयात मुलाला समजतं पुष्कळ आणि सांगता येतं थोडं. त्या मुलीच्या मनात कदाचित असं होतं: ते गोल, अख्खं बिस्कीट मी धरणार, मी बुडवणार, ते मऊ होऊन वाकलं की मी खाणार. आईने तुकडे केले आणि तिचा सगळा बेत मोडला. मोठ्यांच्या लेखी बिस्कीट म्हणजे बिस्कीट, एक गेलं तर दुसरं. मुलीला मात्र हेच बिस्कीट हवं होतं. एवढं सगळं सांगायला तिच्याजवळ तीनच शब्द आहेत, 'बिस्कीट जोडून दे'. त्यात हे वय 'मी'चं. मीच बटण दाबणार, मीच चप्पल घालणार, केळं मीच सोलणार. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आपण वेगळं माणूस आहोत हा शोध नुकताच लागलेला असतो आणि दिवसभर ते तो पडताळून बघत असतं. आपण घाईत त्याचं केळं सोलून देतो आणि त्याचा शोधच हिरावून घेतो.

आयांच्या वह्या आणि मुलांच्या सदऱ्यातले मायक्रोफोन

मुलांच्या रागाचा पहिला मोठा पद्धतशीर अभ्यास १९३१ साली छापला गेला. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी ४५ मुलांच्या आयांना नोंदी ठेवायला सांगितलं होतं: मूल कधी चिडलं, कशावरून, किती वेळ, आणि तुम्ही काय केलंत. अशा १,८७८ प्रसंगांची नोंद जमली. त्यातलं एक निरीक्षण कुठल्याही घरात आजही पडताळून पाहता येईल. चिडण्याचे प्रसंग जेवणाच्या आधीच्या तासाभरात दाटलेले होते. रात्रीची झोप नीट झाली नाही, साधी सर्दी झाली, पोट साफ नाही, तरी ते वाढत. बिस्किटाचा प्रसंग संध्याकाळी सहाला घडला, हे यासाठी लक्षात ठेवायचं. बालवाडीत दिवसभर रांगेत उभं राहणं, आपली पाळी येईतो थांबणं, बाईंचं ऐकणं यात मुलाने मन आवरण्याची सगळी शिल्लक खर्च केलेली असते. घरी येतं ते रिकाम्या खिशाने, आणि भुकेलं.

सत्तरेक वर्षांनी, त्याच मिनेसोटात काम करणारे मायकेल पोटेगल यांनी आकांताच्या आतली रचना शोधायला घेतली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दीड ते पाच वर्षांच्या मुलांचे ३३५ प्रसंग होते, आईवडिलांनी क्षणाक्षणाने लिहून काढलेले. पुढे त्यांनी आणि जेम्स ग्रीन यांनी मुलांच्या कपड्यांत छोटे मायक्रोफोन शिवून खरेखुरे आवाज टिपले. किंचाळणं, ओरडणं, फेकणं, लाथा मारणं एका गटात येतं. मुसमुसणं, रडणं, कुरकुरणं, कुणाला तरी बिलगणं दुसऱ्या गटात. पहिला गट रागाचा, दुसरा दुःखाचा.

आधी राग येतो आणि तो संपला की रडू येतं, असा आपला समज असतो. आवाजांच्या नोंदी वेगळं सांगतात. वळवाचा पाऊस आठवा. वीज आणि वारा सुरुवातीलाच एकदम चढतात आणि लवकर ओसरतात. पाऊस मात्र त्याच वेळी सुरू झालेला असतो आणि नंतरही पडत राहतो. रागाचं तसंच आहे, तो पहिल्या काही क्षणांत टिपेला पोचतो आणि उतरतो. दुःख पहिल्यापासून त्याच्याखाली वाहत असतं. राग उतरला की तेच तेवढं उरतं, आणि मग मूल हात पसरून आपल्याकडे येतं. २००३ च्या त्या अभ्यासातले चारांपैकी तीन प्रसंग पाच मिनिटांच्या आत संपले होते. बाहेरून मात्र ती पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात.

ही रचना कळली की काय करायचं ते बरंचसं आपोआप कळतं. विजा चमकत असताना शेतात जायचं नसतं. रागाचा कडेलोट चालू असताना 'काय झालं? काय पाहिजे? सांग तरी!' असा प्रत्येक प्रश्न मुलाच्या आधीच तुंबलेल्या मनावर आणखी ओझं टाकतो आणि कडेलोट लांबतो. पोटेगल यांचाही अनुभव हाच, की समजावण्याने आणि प्रश्नांनी आग भडकते, तिला हे सरपण मिळालं नाही की ती लवकर विझते.

ती पाच मिनिटं

तेव्हा पहिलं काम, लागेल-फुटेल असं आजूबाजूचं सगळं बाजूला करायचं. दुसरं, जवळ बसायचं, शक्यतो जमिनीवर, म्हणजे आपण त्याच्यावर ओणवे दिसत नाही. तिसरं, बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर एखादं छोटं वाक्य, हळू आवाजात: "मी इथे आहे." मूल ढकलत असेल तर हातभर लांब बसायचं, खोली सोडून जायचं नाही. मारायला धावलं तर हात धरायचा आणि म्हणायचं, "मारू देणार नाही." हे सगळं लिहायला सोपं आहे. ज्या आईने दिवसभर कचेरी, लोकल आणि भाजी केली आहे तिच्यासाठी ते अवघड आहे, कारण तिच्याही शेगडीवरचं दूध तेव्हा फुगलेलं असतं. घरात दुसरं कुणी असेल तर पाळी बदला. नसेल तर चार श्वास मोजून घ्या. मुलाच्या आकांताला एवढा उशीर चालतो.

घराबाहेर, एसटी स्टँडवर किंवा लग्नाच्या हॉलमध्ये, यातलं काहीच जमत नाही असं वाटतं. तिथे खरा धाक असतो तो बघणाऱ्यांचा. मूल उचलून जरा आडोशाला न्यावं, जिन्याखाली, हॉलच्या मागच्या बाजूला, आणि तिथे तेच करावं. रस्त्यावर गाड्या असतील, गॅस पेटलेला असेल, तर थांबायचा प्रश्नच नाही. आधी उचलायचं, शांत करणं नंतर. आणि बघणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, 'किती लाडावलंय' असं त्या आईच्या कानावर पडेल असं बोलू नका. तिची पिशवी धरा.

मारण्याविषयी स्पष्टच सांगायला हवं. 'एक धपाटा दिला की गप्प बसतं' हा अनुभव खरा असू शकतो. मूल गप्प बसतं ते घाबरून, म्हणजे आतली आच आणखी वाढलेली असते, झाकण तेवढं दाबलेलं असतं. एलिझाबेथ गरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली पन्नास वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, त्यात सुमारे १ लाख ६० हजार मुलं होती. धपाटे खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा आणि मनाच्या तक्रारी जास्त दिसल्या, आज्ञाधारकपणा वाढलेला दिसला नाही.

राग उतरून नुसतं रडू उरलं की आपली वेळ येते. मूल आपणहून जवळ येतं. तेव्हा मांडीवर घ्यायचं, पाणी द्यायचं, आणि त्याला जे सांगता आलं नाही ते त्याच्या वतीने सांगायचं: "तुला अख्खं बिस्कीट बुडवायचं होतं. मी तोडलं. तुला फार राग आला." मोठ्या माणसांवरच्या प्रयोगांत, उदाहरणार्थ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ सालच्या अभ्यासात, समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की अमिग्डालाची धग कमी होते असं मेंदूच्या चित्रांत दिसलं होतं. मुलांना तर ही नावंच पहिल्यांदा मिळत असतात. राग, वाईट वाटणं, कंटाळा, भीती हे शब्द मुलाला असेच मिळतात, आणि ज्याला 'मला राग आलाय' म्हणता येतं त्याला टाचा आपटायची गरज कमी पडते. सांडलेलं दूध दोघांनी मिळून पुसायचं. शिकवायचं असेल ते आता, आणि दोन वाक्यांत. भाषण नको.

नळाचं पाणी

आता हट्टाकडे येऊ. इथे भान शाबूत आहे, म्हणून इथे शिकवता येतं. किंबहुना आपण शिकवतच असतो, बहुतेक वेळा नको ते.

ज्या नळाला वर्षानुवर्षं पाणी नाही, तो आपण उघडायचं सोडून देतो. ज्याला रोज सकाळी सातला येतं, तोही आपण भलत्या वेळी उघडत नाही. पण ज्याला कधी येईल याचा नेम नाही, तो नळ आपण जाता-येता उघडून बघतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत हेच दाखवलं होतं. अधूनमधून, बिननेमाने मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सुटायला सगळ्यात कठीण असते. चॉकलेटला नऊ वेळा 'नाही' म्हणून दहाव्यांदा, पाहुण्यांसमोर, 'घे बाबा एकदाचं' म्हणणं म्हणजे नळाला अचानक पाणी सोडणं. मूल यातून एवढंच शिकतं की दहा वेळा रडावं लागतं.

ओरेगनमध्ये अनेक वर्षं कुटुंबांच्या घरी जाऊन निरीक्षणं करणाऱ्या जेरल्ड पॅटरसन यांनी याची दुसरी बाजू दाखवली. चॉकलेट मिळालं की मूल गप्प होतं, आणि ती शांतता हे आईचं बक्षीस असतं. म्हणजे मूल रडायला शिकतं आणि आई द्यायला शिकते. दोघंही एकमेकांना शिकवत असतात आणि दोघांनाही ते कळत नाही. यात कुणाला दोष देऊन उपयोग नाही. फेरा मोडायला मात्र मोठ्यांनीच हवा.

तो मोडताना काय होतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण १९५९ साली कार्ल विल्यम्स यांनी नोंदवलं. साधारण पावणेदोन वर्षांचा एक मुलगा जन्मानंतरचं दीड वर्ष आजारी होता, साहजिकच त्याच्याजवळ सतत कुणीतरी असे. तो बरा झाला, पण झोपवून आईवडील खोलीबाहेर पडले की आकांत करी. त्यांना रोज अर्ध्यापासून दोन तास त्याच्याजवळ बसून राहावं लागे. डॉक्टरांकडून तब्येतीची खात्री झाल्यावर त्यांनी ठरवलं की प्रेमाने झोपवायचं, बाहेर यायचं आणि परत आत जायचं नाही. पहिल्या रात्री तो ४५ मिनिटं रडला. दहाव्या खेपेपर्यंत रडणं पूर्ण थांबलं, तो हसून निरोप देऊ लागला. मग आठवडाभराने घरातल्या एका नातेवाईक बाईने त्याला झोपवलं, तो कुरकुरला, तिला कळवळा आला आणि ती आत जाऊन तो झोपेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यासारखं. आईवडिलांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

लहान मुलाला असं एकटं रडू द्यावं, असं मी म्हणणार नाही. आता अनेक बालरोगतज्ज्ञ हळूहळू अंतर वाढवायला सांगतात, आणि ते मला जास्त पटतं. त्या प्रयोगातली मला महत्त्वाची वाटते ती ही नातेवाईक. तिचा हेतू चांगलाच होता. आपल्या घरांत आजी, आजोबा, आत्या, मामा असतात, आणि त्यांच्यासारखा आधार जगात नाही. पण आईच्या 'नाही'नंतर आजीचं 'असू दे गं' आलं की नळाला पाणी येतं, आणि मुलाला कुठला नळ उघडायचा हेही कळतं. सगळ्याच गोष्टींत एकमत व्हायला नको. चार-पाच गोष्टी पुरेत: मारायचं नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, जेवताना मोबाइल नाही, अशा. त्या घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून सारख्याच निघायला हव्यात. बाकीच्या गोष्टींत आजीने हवे तेवढे लाड करावेत.

आणखी एक इशारा. नळाचं पाणी बंद केल्यावर आधी हट्ट वाढतो. दारावरची घंटा वाजली नाही तर आपण लगेच परत फिरत नाही, आणखी जोरात दाबतो. मूलही तेच करतं. नेमकं याच टप्प्यावर 'हे काही आमच्या मुलाला लागू पडत नाही' म्हणून घरं माघार घेतात, आणि मूल शिकतं की आता पूर्वीपेक्षा मोठ्याने रडावं लागतं. निदान दोन आठवडे टिकून राहा.

मोबाइलचं काय? रडणाऱ्या मुलाच्या हातात तो दिला की ते एका क्षणात शांत होतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. त्याची दोन नुकसानं आहेत. एक तर ते रडण्याला बक्षीस ठरतं. दुसरं मोठं: स्वतःला शांत करणं ही पोहण्यासारखी शिकायची गोष्ट आहे, आणि प्रत्येक वेळी पाण्यातून उचलून घेतलं तर पोहणं येत नाही. जेनी रॅडेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांना शांत करण्यासाठी वरचेवर मोबाइल दिला जाई त्यांच्या भावना पुढच्या महिन्यांत जास्त भडकू लागल्या, मुलग्यांमध्ये विशेष. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नाही, दोन ते पाच वर्षं दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबत.

साय फुगायला लागली की

खरं काम आकांताच्या आधीचं असतं. एक साधी वही घ्या आणि आठवडाभर लिहा: किती वाजले होते, आधी काय झालं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं. गुडइनफ यांच्या अभ्यासातल्या आयांनी हेच केलं होतं. आठ दिवसांत नमुना दिसायला लागतो. कुणाच्या घरी सगळं संध्याकाळी साडेपाच ते सातमध्ये सापडतं, कुणाच्या घरी आंघोळीच्या आधी, कुणाच्या घरी फक्त बागेतून परत येताना.

संध्याकाळचा असेल तर घरात पाऊल टाकताच खायला द्या. लाडू, केळं, पोहे, काहीही, बोलणं आणि कपडे बदलणं नंतर. झोप मोजा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे बाबांच्या परतण्याची वाट पाहत अकराला झोपणारी आणि बालवाडीसाठी सातला उठणारी मुलं हजारोंनी आहेत. अशा मुलाचं वागणं सुधारायचं असेल तर सुरुवात घड्याळापासून करावी लागेल.

बागेतून परतताना असेल तर 'पाच मिनिटांत निघायचं' म्हणू नका. पाच मिनिटं म्हणजे किती हे त्याला कळत नाही. 'अजून दोन घसरगुंड्या, मग घरी' हे कळतं, कारण घसरगुंड्या मोजता येतात. आणि दोन म्हणजे दोनच. जिथे निवड नाही तिथे विचारू नका. 'आंघोळीला येतोस का?' याला 'नाही' हे रास्त उत्तर आहे. 'आधी डोक्यावर पाणी की पायावर?' यात आंघोळ ठरलेली आहे आणि मुलाचा मानही राखलेला आहे. केळं त्याला सोलू द्या, अर्धवट, चिकट, खाली पाडून. बिस्कीट तोडायच्या आधी विचारा. दहा सेकंद लागतात, आणि ती दहा मिनिटं वाचवतात. मूल स्वतःला सावरताना दिसलं, ओरडता ओरडता थांबलं, तर ते मोठ्याने बोलून दाखवा: "राग आला होता, तरी फेकलं नाहीस." या वयात मूल आपलं वर्णन आपल्या तोंडून ऐकून ठरवत असतं.

रडता रडता श्वास कोंडला तर

काही मुलं रडता रडता श्वास सोडतात आणि परत घेतच नाहीत. ओठ निळे पडतात, अंग ढिलं किंवा ताठ होतं, क्षणभर शुद्ध जाते. बघणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. शंभरातल्या पाचेक धडधाकट मुलांना हे होतं, सहा महिने ते दीड वर्ष या वयात बहुधा सुरू होतं आणि पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप थांबतं. मूल हे मुद्दाम करत नाही. त्याला कुशीवर झोपवा, तोंडात बोट किंवा चमचा घालू नका, गदागदा हलवू नका. श्वास आपोआप सुरू होतो. पहिल्यांदा झालं तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं, हृदयाचा किंवा फिटचा दोष नाही ना हे त्यांना बघावं लागतं.

आणि रक्त तपासून घ्या. या मुलांमध्ये लोहाची कमतरता अनेकदा सापडते, आणि लोहाचं औषध दिल्यावर श्वास कोंडणं पुष्कळ कमी होतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची आढळली. म्हणजे तीनांतली दोन. ज्या मुलाचं रक्तच फिकं आहे ते श्वास कोंडो वा न कोंडो, थकलेलं आणि चिडकंच असणार. 'आमचं मूल हट्टी आहे' असं ठरवण्याआधी ही एक तपासणी झालेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

चौकट: साधं कुठवर, आणि डॉक्टरांकडे कधी

अमेरिकेत १,४९० मुलांच्या पाहणीत (लॉरेन वॅक्शलॅग आणि सहकारी, २०१२) तीन ते पाच वर्षांच्या सुमारे ८४ टक्के मुलांनी आधीच्या महिन्यात कधी ना कधी आकांत केला होता. रोज करणारी मुलं ९ टक्क्यांहून कमी होती. अँडी बेल्डेन आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या अभ्यासावरून तज्ज्ञ पुढील गोष्टींकडे लक्ष ठेवायला सांगतात:

• मूल बहुतेक वेळा स्वतःलाच इजा करतं, डोकं आपटतं, चावतं, ओरबाडतं.
• निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्यांना मारतं किंवा वस्तू फोडतं.
• महिन्यातल्या दहा-वीस दिवशी घरी आकांत होतो, किंवा बाहेर एकाच दिवसात पाचपेक्षा जास्त वेळा, आणि असं वारंवार.
• प्रसंग सरासरी २५ मिनिटांहून लांबतात.
• कुणीतरी शांत केल्याशिवाय मूल स्वतःहून कधीच शांत होत नाही.

एखादा वाईट आठवडा यात धरू नये. दुखणं, घर बदलणं, धाकटं भावंड येणं यांनी सगळ्याच मुलांचा तोल जातो. पण बोलायला उशीर, हाक मारल्यावर न बघणं, ऐकू न येण्याची शंका, किंवा आधी येत असलेलं बोलणं गेलं असेल, तर वय वाढायची वाट बघू नका.

कुठे जायचं

'अजून लहान आहे, शहाणं होईल' आणि 'लोकांना कळलं तर काय म्हणतील' या दोन वाक्यांमध्ये आपल्याकडच्या कितीतरी मुलांची महत्त्वाची वर्षं निघून जातात. तपासणी म्हणजे मुलावर शिक्का नव्हे. बहुतेक मुलांबाबत डॉक्टर 'काळजी नको' एवढंच सांगतील, आणि ते ऐकून आईला पहिल्यांदा नीट झोप लागेल. जिथे खरंच काही असेल, कानाचं, भाषेचं, रक्ताचं, विकासाचं, तिथे चौथ्या वर्षी सुरू केलेली मदत आठव्या वर्षीच्या मदतीपेक्षा खूप जास्त देऊन जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची आरोग्य पथकं वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत येतात, मुलांच्या वाढीतल्या आणि विकासातल्या अडचणी तपासतात, आणि गरज पडली तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पैसे लागत नाहीत. तुमच्या अंगणवाडी सेविकेला पथकाची तारीख विचारून ठेवा, आणि मुलाच्या आकांताची ती आठ दिवसांची वही त्या दिवशी सोबत न्या.